‘आयडल ०’ लिहून डायल-अपची लाइन टिकत नाही

लिनक्सवर मोडेमची, म्हणजे फोनवरून इंटरनेट जोडणारी, लाइन सारखी तुटते म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘पीपीपीडीला आयडल ० द्या, एलसीपी-एको चालू करा, मागे एक पिंग सोडून ठेवा, चॅटचा टाइमआउट वाढवा. लाइन तुटणारच नाही.’ हा सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे आणि लोकांचा वेळ खातो आहे. (पीपीपीडी हा फोनवरची ही जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, आणि चॅट हा मोडेमला डायल करायला लावणारा त्याचा मदतनीस.) चारही गोष्टींत ‘वेळ’ आहे, पण प्रत्येकीचं घड्याळ वेगळं आहे.

‘आयडल ० द्या.’ आयडल म्हणजे इतके सेकंद हालचाल नसली की लाइन सोडायची, हा नियम; पीपीपीडीत तो मुळात बंदच असतो. दुसऱ्या एखाद्या फाइलने किंवा व्हीडायलसारख्या डायल करणाऱ्या प्रोग्रामने तो लावला असेल, तरच शून्याने फरक पडेल. शिवाय फोन ठेवणारा पीपीपीडी एकटा नाही. बऱ्याच मोडेममध्ये एस३० रजिस्टरचा (मोडेममधल्या एका सेटिंगचा) स्वतःचा निष्क्रियता-टाइमर असतो. पलीकडे सेवादात्याचा रेडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा) सेशन-टाइमआउट, म्हणजे जोडणीची एकूण वेळ, आणि आयडल-टाइमआउट अशा दोन मर्यादा पाठवू शकतो. सेशनची मर्यादा भरली की तुमच्या फाइलमधला कुठलाच आकडा उपयोगाचा नाही.

म्हणून आधी फोन कोणी ठेवला ते बघा. पीपीपीडी ‘नोडिटॅच’ (मागे न जाता शेलसमोरच चालण्याचा पर्याय) लावून चालवा आणि तो बंद पडल्यावर शेलमध्ये एक्झिट कोड, म्हणजे तो का थांबला ते सांगणारा आकडा, पाहा. १२ म्हणजे आयडल, १३ म्हणजे जोडणीची कमाल वेळ संपली, १५ म्हणजे समोरून एकोला उत्तर नाही, १६ म्हणजे मोडेमने लाइन सोडली. लॉगमध्ये ‘एलसीपी टर्मिनेटेड बाय पीअर’ असेल तर निर्णय पलीकडचा होता. एवढं कळल्याशिवाय कुठल्याही आकड्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

‘एलसीपी-एको लाइन जिवंत ठेवतो.’ एलसीपी-एको म्हणजे ‘आहेस का?’ असं समोरच्याला ठरावीक वेळाने विचारणं. त्याचं मुख्य काम नेमकं उलटं आहे: मेलेली लाइन ओळखून बंद करणं. इंटरव्हल ३० सेकंद आणि फेल्युअर ४ असेल, तर सलग चार एको अनुत्तरित राहिल्यावर, म्हणजे साधारण दोन मिनिटांत, पीपीपीडी जोडणी संपवतो. कॅरियर (समोरच्या मोडेमचा सूर) गेल्याचा सिग्नल संगणकापर्यंत पोचत नसेल तिथे हे फार मोलाचं आहे. पण इंटरव्हल ५ आणि फेल्युअर २ ठेवलंत, तर खरखरीच्या लाइनवर मोडेम रिट्रेन होत (पुन्हा जुळवून घेत) असताना चांगला चाललेला कॉलही तुटेल. आणि पीपीपीडीचा आयडल फक्त नेटवर्कचं डेटा-पॅकेट मोजतो, एको मोजत नाही. मोडेमला मात्र बाइट तेवढे दिसतात, त्यामुळे एस३० एकोने लांबतो. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच आहे.

‘पिंग सोडून ठेवा.’ सतत छोटं पॅकेट पाठवत राहणाऱ्या पिंगने आयडल लांबतो, हे खरं. पण कोणी काही वापरत नसतानाही कॉलचं बिल चढतं आणि फोन अडकून राहतो. खरी अडचण बहुतेकदा उलटी असते: बाहेरून येणाऱ्या फालतू पॅकेटमुळे लाइन सुटतच नाही. त्यावर पीपीपीडीच्या ॲक्टिव्ह-फिल्टर या पर्यायात ‘आउटबाउंड’ लिहा, म्हणजे फक्त तुमच्याकडून जाणारं पॅकेट हालचाल धरलं जाईल. कर्नलमध्ये पीपीपी फिल्टरची सोय मात्र हवी. सोबत ‘डिमांड’ आणि आयडल ३०० दिलं, तर पाच मिनिटं शांतता असली की लाइन सुटते आणि पुढच्या पॅकेटला आपोआप डायल होते. डिमांड न लावता ‘पर्सिस्ट’ आणि आयडल एकत्र ठेवू नका. लाइन सुटली रे सुटली की लगेच पुन्हा डायल होईल.

‘चॅटचा टाइमआउट वाढवा.’ जोडणी झाल्यावर चॅटचं काम संपलेलं असतं, तेव्हा चालू कॉल तुटण्याशी याचा संबंध नाही. चॅट प्रत्येक अपेक्षित उत्तरासाठी ४५ सेकंद थांबतो, आणि मोडेम कॅरियरची वाट किती बघणार ते त्याचं एस७ रजिस्टर ठरवतं. एस७ साठ असेल तर चॅट आधीच हार मानतो, तिथे वाढवणं योग्य. नुसतं १८० करून ‘नो कॅरियर’ आणि ‘बिझी’साठी ‘अबॉर्ट’ (हे दिसलं की थांब) लिहिलं नाही, तर मोडेमने नकार दिल्यावरही चॅट उरलेला वेळ बसून राहील.