पाऊण लाख पगार, राहणे फुकट?

चाकणच्या एका कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या भाच्याला गेल्या आठवड्यात त्याच्या वडिलांनीच, म्हणजे माझ्या भाऊजींनी, एक संदेश पाठवला. चीनचा कामगार रोज बारा तास आनंदाने राबतो, महिना पाऊण लाख मिळवतो, राहणे-जेवण कंपनीचे असल्याने सगळा पगार शिल्लक टाकतो, संपाचे नाव काढत नाही. आपली पोरे मात्र आळशी, असा त्याचा मथितार्थ. दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला घरी आलेल्या मुलाने हे का वाचावे?

पगार आपल्यापेक्षा बराच जास्त आहे, हे मान्य करावे लागते. चीनच्या सरकारी सांख्यिकी विभागाच्या 2023 च्या पाहणीत, गावची नोंदणी असलेल्या सुमारे 29.75 कोटी कामगारांची सरासरी मासिक कमाई 4,780 युआन, म्हणजे साधारण 55,000 रुपये भरली. पाऊण लाख नव्हे. शिवाय कारखान्यातला मूळ पगार बहुधा किमान वेतनाच्या आसपास असतो आणि वरची रक्कम ओव्हरटाइमची असते. दक्षिण चीनमधल्या शेन्झेन या कारखान्यांच्या शहरात त्या वर्षी किमान वेतन 2,360 युआन होते. तेवढ्यावर असलेल्या माणसाने 4,780 गाठायचे, तर रोज दोन तास जास्त थांबून शिवाय सुट्टीचे सात दिवस भरावे लागतात, म्हणजे महिन्याला सुमारे शंभर तास ओव्हरटाइम. कायद्याची मर्यादा 36 तासांची आहे. बारा तास राबण्यामागे आनंद नाही, हा हिशेब आहे.

‘राहणे फुकट’ या विधानाने मात्र मला खरोखर संताप आला. कंपनीच्या वसतिगृहात मिळते ती सहा-आठ जणांच्या खोलीतली बंकवरची एक जागा, जिच्याभोवती स्वतःच विकत आणलेला पडदा लावला की तेवढाच आडोसा होतो. तिथे बायकोमुलांना जागा नाही. बिऱ्हाड करायचे तर शहरातल्या जुन्या गावठाणात, खिडकीतून समोरच्याशी हस्तांदोलन करता येईल इतक्या खेटून उभ्या इमारतींत, भाड्याने खोली घ्यावी लागते. त्यातच 1958 पासूनची ‘हुकोऊ’ ही घरनोंदणी गावाशी बांधलेली असल्याने मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणे अवघड जाते, म्हणून लाखो मुले आजी-आजोबांपाशी वाढतात आणि आईबाप अनेकदा वसंतोत्सवालाच, म्हणजे चिनी नववर्षालाच, भेटतात. भाऊजींचे वडील परळच्या गिरणीत असताना गाळ्यावर पथारी टाकत आणि कोकणात मनीऑर्डर धाडत. त्या राहण्याला आमच्या घरात कोणी कधी फुकट म्हटले नव्हते.

राहिला संप. संपाचा हक्क चीनच्या राज्यघटनेतून 1982 मध्ये काढला गेला, हे खरे. तरीही एप्रिल 2014 मध्ये तोंग्वान शहरातल्या यू युएन या बूट कारखान्याचे हजारो कामगार काम थांबवून रस्त्यावर आले होते, आणि त्यांची मुख्य मागणी कंपनीने वर्षानुवर्षे पुरते न भरलेले सामाजिक विम्याचे व गृहनिधीचे हप्ते भरावेत, ही होती.