‘मार्केट वर गेलं’ म्हणे!

सकाळी फोनवर डॉलरचा एक रेट सांगायचा आणि संध्याकाळी माणूस प्रवासासाठी डॉलर घ्यायला काउंटरवर पोचला की ‘सर, मार्केट वर गेलं’ म्हणून डॉलरमागे एक रुपया ऐंशी पैसे चढवायचे. काल पुण्यातल्या एका मनी चेंजरकडे हेच झालं. दिवसभरात इंटरबँक रेट, म्हणजे बँका आपापसात डॉलर घेतात-देतात तो भाव, हलला होता जेमतेम बारा पैसे. मोबाईलवर आकडा समोर दिसतोय, तो दाखवला, तरी तेच वाक्य पुन्हा. हजार डॉलरमागे 1,800 रुपये, आणि तेही तोंड वर करून! मार्केट खाली आलं की मात्र यांच्याकडे ‘जुन्या रेटचा स्टॉक’ असतो. तेव्हा नाही कोणाचा रेट उतरत.

फोनवरच्या रेटला काडीची किंमत नाही. थोडा ॲडव्हान्स ट्रान्सफर करायचा, रेट ब्लॉक करून घ्यायचा आणि तो मेसेजमध्ये लेखी मागायचा. लेखी द्यायला जो काचकूच करतो त्याच्याकडे जायचंच नाही. आणि ‘आजचा रेट काय’ असं विचारूच नका. ‘आयबीआरवर किती पैसे लावताय’ असं विचारा, आयबीआर म्हणजे तोच इंटरबँक रेट. समोरच्याला कळतं की आपल्याला कळतंय. शनिवार-रविवारी जाऊ नका, कारण इंटरबँक बाजार बंद असतो आणि सोमवारी काय होईल या धास्तीचे पैसे आपल्या बिलात येतात.

ती ‘झिरो कमिशन’ची पाटी बघितली की संताप होतो. कमिशन शून्य, कारण सगळं रेटमध्येच कोंबलेलं! वर बिलात ‘सर्व्हिस चार्ज’, ‘हँडलिंग’ आणि त्यावर पुन्हा जीएसटी. चलन बदलण्यावरच्या जीएसटीचा हिशोब सरळ आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का (कमीत कमी 250 रुपये) ही सेवेची किंमत धरतात आणि त्यावर 18 टक्के. म्हणजे पूर्ण एक लाखाच्या डॉलरवर जीएसटी होतो 180 रुपये. त्याहून जास्त लावला असेल तर तिथेच बोट ठेवून विचारा. एवढे डॉलर हातात पडायला खात्यातून एकूण किती रुपये जाणार, हा एकच आकडा तीन ठिकाणी विचारून ताडून बघायचा. बाकी सगळ्या पाट्या भिंतीसाठी असतात.

आणि कालचा कळस म्हणजे नोटा. पैसे घेताना बँक ट्रान्सफर जमा झाल्याशिवाय हलत नाहीत, आणि देताना काय देतात? एका शंभराच्या नोटेवर कोपऱ्यात कुठल्याशा व्यापाऱ्याचा जांभळा शिक्का, एकीवर बॉलपेनने आकडा, दोन नोटा मधोमध घडी पडून पांढऱ्या झालेल्या, आणि दोन चक्क जुन्या, छोट्या चेहऱ्याच्या. त्यावर उत्तर काय, तर ‘चालतात सर, डॉलर आहे’. अमेरिकेत चालतील हो! बालीत किंवा कंबोडियात अशी नोट काउंटरवरून तशीच परत सरकवतात, नाहीतर रेट पाडून घेतात. थायलंडमध्ये शंभराच्या नोटेला एक भाव आणि वीस, दहा, पाचच्या नोटांना त्याहून कमी. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पक्कं माहीत असतं, म्हणूनच तर अशा नोटा सुट्टीवर जाणाऱ्या गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारतात. 2013 पासून आलेली, मध्ये निळी पट्टी असलेली शंभराचीच नोट मागायची. एकेक नोट उजेडात दोन्ही बाजूंनी बघायची. मागे रांग असली तर असू दे.

‘बिल नको असेल तर पंधरा पैसे कमी लावतो’ हे वर ऐकवायचं. बिल नाही म्हणजे ते डॉलर कुठून आले याचा कागद नाही. पासपोर्ट, पॅन, तिकीट, लागत असेल तिथे व्हिसा, ए-टू फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज), सगळं देऊन पक्कं बिल घ्यायचं. 50,000 च्या वर रोख रुपये चालत नाहीत. पैसे प्रवाशाच्याच खात्यातून जायला हवेत, नवऱ्याच्या खात्यातून बायकोचे डॉलर घ्यायला गेलात की अडवतात. हा नियम कोणी आधी सांगत नाही, सगळे कागद झाल्यावर सांगतात! नोटांच्या रूपात एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच मिळतात.

टीसीएसची, म्हणजे पैसे घेतानाच वर वसूल होणाऱ्या कराची, भीती घालणारे वेगळेच. आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाखांच्या वर पैसे बाहेर गेले तरच सुट्टीसाठी घेतलेल्या चलनाला, तेही 10 लाखांवरच्या रकमेवरच, 20 टक्के टीसीएस लागतो, आणि तोही रिटर्न भरताना हिशोबात धरला जातो. दीड लाखाचे डॉलर घेणाऱ्याला ‘वीस टक्के कापावे लागतील’ सांगणं ही शुद्ध थाप आहे.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड, गळ्यात मारतानाही तेच. बालीला जाणाऱ्याला डॉलर भरून देतात आणि ‘सगळीकडे चालतं’ म्हणतात. चालतं, पण इंडोनेशियाचा रुपिया बहुतेक कार्डांत नसतोच, म्हणून बहुतेक कार्डांवर प्रत्येक स्वाइपला दोन ते साडेतीन टक्के क्रॉस करन्सी चार्ज, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचा आकार. ते वाक्य छापलेलं असतं बारीक अक्षरात, शेवटच्या पानावर. साध्या क्रेडिट कार्डाचा मार्कअपही (परदेशातल्या खर्चावरचा जादा आकार) साधारण तेवढाच, मग या कार्डाचा उपयोग काय? तिकडे मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारलं तर स्थानिक चलनच दाबायचं. रुपये दाबले की दुकानदाराच्या बँकेचा रेट लागतो आणि तो कधीच आपल्या भल्याचा नसतो.

परत आल्यावर उरलेले डॉलर विकायला जा, म्हणजे याच काउंटरचा दुसरा चेहरा दिसतो. ज्या नोटा यांनीच ‘चालतात सर’ म्हणून दिल्या, त्याच आता ‘फाटलीय’, ‘पेनचं आहे’ म्हणून कमी भावात मागतात. आणि ‘लगेच जमा करावेच लागतात’ अशी घाईही करतात. 180 दिवस मिळतात, आणि 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा तर पुढच्या प्रवासासाठी घरात ठेवता येतात. ठेवा. पडत्या भावात यांना अजिबात देऊ नका.