काका, नाव न घेता आम्ही तीन वर्षं काढली होती

काका, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं पण खूप रागात लिहित होते म्हणून सगळं पुसून टाकलं. आज दुपारी निवांत बसलेय.

तुमचं म्हणणं असं की विल्सनच्या आजाराने गेलेल्या माझ्या भावावरच्या, बाबूवरच्या लेखात काजू आणि कालवांबद्दल मी जे लिहिलं त्यावरून आईच्या हातचं खाऊन पोरगा गेला असं वाचणाऱ्याला वाटेल. आणि गेलेल्या माणसाचा आजार असा चव्हाट्यावर मांडायचा नसतो, घरात मुलीबाळी असतात, त्यांच्या सोयरिकीचं बघावं लागतं. मधेच एका ओळीत तुम्ही हेही लिहिलंय की तुमच्या भावकीतला एक मुलगा असाच 'काविळीने' गेला पण त्याच्या घरच्यांनी कधी गवगवा केला नाही. त्या ओळीकडे शेवटी येते.

पहिल्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. 'काजूगर आणि कालवं त्याला विष झाली' हे वाक्य मी त्या लेखात लिहिलं होतं, आणि तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर पहिला विचार आला की आईने हे वाचलं असतं तर? ती मोबाईलवर वाचत नाही पण शेजारची कोणी तरी वाचून दाखवतेच. ते वाक्य काढलंय. त्या जागी जे लिहायला हवं होतं ते इथे लिहिते.

विल्सनच्या आजारात दोष खाण्याचा नसतो. तांबं आपल्या सगळ्यांच्या जेवणात असतं, शरीराला ते थोडं लागतंही, आणि जास्तीचं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. ज्याला हा आजार आहे त्याच्या लिव्हरला ते बाहेर टाकता येत नाही. मग ते आधी लिव्हरमध्ये साठतं, तिथून मेंदूत, डोळ्यांत जातं. एटीपी-सेव्हन-बी नावाच्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच असं होतं, म्हणजे एक बाबांकडून आली आणि एक आईकडून. दोघेही स्वतः ठणठणीत. अशा आईबाबांच्या प्रत्येक मुलाला चारात एक अशी शक्यता असते, आणि ती कोणाच्या पापपुण्याने कमीजास्त होत नाही. कालवं, काजू, कुर्ल्या, लिव्हर यांत तांबं जास्त असतं म्हणून पेशंटला ते टाळायला सांगतात एवढंच. तेच काजूगर मी आयुष्यभर खाल्ले, मला काही झालं नाही. आईने पुढे सात-आठ वर्षं ओल्या काजूगरांची उसळ घरात शिजवली नाही, डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून समजावलं होतं तरी.

आता नाव लपवण्याबद्दल.

२००६ साली बाबू नववीत होता. आम्हाला सगळ्यात आधी काय दिसलं माहित्येय? आमच्या वेंगुर्ल्याकडे सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवं काढायला जातात, बाबूचा हात त्यात एकदम बसलेला, कोयतीचा एक घाव की शिंपलं उघडलं. त्या वर्षी त्याचे घाव चुकायला लागले. एकदा बोट कापून घेतलं तेव्हा आई म्हणाली, "मेल्या, हात कित्याक थरथरता तुझो?" तो हसला आणि थंडी वाजते म्हणाला, एप्रिल महिना होता. मग अक्षर बिघडलं. त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं की शाळेच्या फळ्यावर सुविचार तोच लिहायचा, आणि सहा महिन्यांत त्याला स्वतःची वही वाचता येईना. शाळेत सांगितलं पोरगं लक्ष देत नाही. बोलताना शब्द चिकटायला लागले, तोंडातून लाळ यायची आणि ती तो शर्टाच्या बाहीला हळूच पुसायचा. मुलं चिडवायची. तो चिडका झाला, ताट भिरकावलं एकदा, आमचा बाबू, ज्याने कधी मांजरीवर हात उगारला नव्हता. एका डॉक्टरांनी सांगितलं वयात येतोय, होईल ठीक.

घरात मात्र यावर कोणी बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. काका, नेमकं तुम्ही म्हणता तेच कारण होतं, मुलींची सोयरीक. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात, माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालेली, धाकटी बहीण तर दुसरी-तिसरीत. पाहुणे आले की बाबूला मागच्या पडवीत बसवायचे. मीही त्याला सांगितलंय, "जरा आत बस." हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

देवाला दोष दिला असंही तुम्ही म्हणालात, तसं मी कुठेही केलेलं नाही. गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, आजही घालतो. गाऱ्हाणं घालताना गुरवकाकांचा आवाज दाटून आला होता, त्यांनी एक नारळ सोडून काही घेतलं नाही. कोणी फसवलं नाही आम्हाला. पण 'बाहेरचं आहे' हे एकदा घरात ठरल्यावर पुढचं वर्ष त्यातच गेलं, आणि २००८ च्या पावसाळ्यात डोळे पिवळे झाले तेव्हा काविळीचं मुळीचं औषध सुरू झालं. दिवाळीला पोटात पाणी भरलं.

मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर एका डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी त्याची हनुवटी त्या मशीनवर टेकवून दोन मिनिटं पाहिलं आणि आम्हाला बोलावलं. बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं होतं, तांब्याचं. आमच्या काळ्या डोळ्यांत ते नुसतं बघून कळत नाही. मी नंतर त्याचे सगळे गणपतीतले फोटो मोठे करून करून पाहिलेत, एकाही फोटोत दिसत नाही. मग रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं तपासलं आणि नाव कळलं. हा आजार साधारण तीस हजारांत एकाला असतो. डॉक्टर विल्सननी त्यावर १९१२ साली लिहून ठेवलं होतं, आणि शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाईन हे औषध १९५६ पासून आहे. १९५६, काका! बाबूचं लिव्हर तोवर इतकं गेलं होतं की गोळ्यांनी भागणार नव्हतं, ट्रान्सप्लांट आमच्या आवाक्यातलं नव्हतं. २००९ च्या फेब्रुवारीत गेला. सतरा वर्षांचा.

त्या डॉक्टरबाई एवढं एक म्हणाल्या की भावंडांना तपासा, आजच. मी वाचले, माझ्यात असलीच तर एकच प्रत बिघडलेली असेल आणि तेवढ्याने आजार होत नाही. धाकटी अकरा वर्षांची, उड्या मारणारी, कसलाही त्रास नाही, आणि तिचे रिपोर्ट बाबूसारखेच आले. आईने ते ऐकलं आणि हॉस्पिटलच्या जिन्यातच बसली.

धाकटीला झिंक सुरू झालं, ते आतड्यातच तांब्याला अडवतं. जेवणाआधी तासभर गोळी घ्यायची, पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यातलं नाही, ठरलेल्या तपासण्या, आणि गोळी कधीही बंद करायची नाही. आज ती अठ्ठावीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. तिचं लग्न झालंय. बघायला आले तेव्हा तिने स्वतः चहाच्या ट्रेबरोबर फाईल आणून ठेवली होती, आधीची दोन स्थळं त्यावरून परत गेली, तिसरं थांबलं. त्यांना मुलगी आहे, तिचीही तपासणी करून घेतली. आणि मूळ लेख मी टाकायच्या आधी धाकटीने वाचला होता, तिनेच सांगितलं आजाराचं नाव हेडिंगमध्ये घाल म्हणून. त्यामुळे ते नाव मी काढणार नाही, तुम्हाला वाईट वाटलं तरी. बाबूला पडवीत बसवून मी एकदा लपवलाय, आता परत नाही लपवणार.

आता तुमच्या भावकीतला तो मुलगा. कावीळ शंभर कारणांनी होते, त्याला हेच असेल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलंय की शेवटी शेवटी त्याची जीभ जड झाली होती आणि हात कापायचे. काका, ते वाचून मला दोन रात्री झोप नाही. त्याला सख्खी भावंडं आहेत का? असली तर ती बरी दिसत असली तरी त्यांना लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवा, त्या मुलाच्या मरणाचं सगळं सांगा, डोळे मशीनवर तपासायला सांगा, सेरुलोप्लाझमिन आणि चोवीस तासांची लघवी या टेस्टची नावं कागदावर लिहून द्या. घरचे बोलायला तयार नसतील तर माझा हा लेख दाखवा, नाहीतर मला ईमेल करा, धाकटी स्वतः त्यांच्याशी बोलेल म्हणतेय. मे महिन्यात आम्ही गावीच आहोत, तेव्हा भेटायला आलात तरी चालेल.