कोणाचो रे तू?

"मामा, या फोनचे अपडेट्स बंद होऊन दोन वर्षं झाली," गणपतीला पुण्याहून आलेल्या भाच्याने सुतकी आवाजात सांगितलं. तोडगाही त्याच्याकडेच होता. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करायचा आणि लिनिएजओएस ही अँड्रॉइडचीच मोकळी आवृत्ती टाकायची. कोड सगळ्यांना उघडा, छदाम खर्च नाही. "फोन तुमचा, मर्जी तुमची!"

अनलॉक केल्याबरोबर फोन धुऊन निघाला. नियमच आहे तसा. कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसायचं, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. चोराच्या नाही लागलं, माझ्याही नाही. मेहुणीच्या लग्नाचे फोटो त्यात गेले, हे हिला अजून सांगायचंय.

आता फोन सुरू केला की आधी इशारा झळकतो, या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही म्हणून. भाचा म्हणाला, हे व्हेरिफाइड बूट. फोन जागा होताना प्रत्येक टप्पा पुढच्याची डिजिटल सही तपासतो, याला चेन ऑफ ट्रस्ट म्हणजे विश्वासाची साखळी म्हणतात; मध्येच कोणी काही घुसवलं असेल तर अडवतो. 2016 साली आलेल्या अँड्रॉइड 7 पासून हे सक्तीने चालतं. थोडक्यात, राखणदार. माझी तक्रार नाही. आमच्या वाडीच्या राखणदाराला आम्ही दरवर्षी नारळ देतोच. पण तो आमचा, हा कंपनीचा. मालकालाच दारात उभं करून विचारतो, कोण आपण?

हे दुखणं जुनं आहे म्हणे. टिवो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स ही उघड्या कोडची प्रणाली होती, कोडही मिळायचा, पण बदललेला कोड ते यंत्र चालूच देत नसे. म्हणून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याविरुद्ध कलम आलं.

"म्हणजे माड तुझ्या नावावर, पण चढायला बंदी?"

"अगदी! गूगलच्या पिक्सेल फोनवर मात्र स्वतःची चावी बसवून परत कुलूप लावता येतं."

माझा फोन पिक्सेल नाही. विषय संपला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मालवणच्या मासळी बाजारात. पाच दिवस उसळींवर काढलेले, त्यामुळे बांगडे बघून डोळे भरून आले. मासेवालीने क्यूआर पुढे केला. बँकेचं ॲप म्हणालं, सुरक्षिततेच्या कारणास्तव या फोनवर चालणार नाही. खिशात वीस रुपये, तेही पंचखाद्याला चिकटलेले.

"काय झाला?"

"बँकेला माझ्या फोनचा भरवसा वाटत नाही."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोणाचो रे तू?"

वडिलांचं नाव सांगितलं.

"म्हणजे बापू मास्तरांचो नातू?"

बापू, बाबा, मी. सह्या जुळल्या. बापूंना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पिशवीत बांगडे पडले, वर एक जास्तीचा. "पैसे फाल्या दी."

"मामा, हीच ती चेन ऑफ ट्रस्ट!" भाचा कानात कुजबुजला.

"आणि ह्यो खंयचो?"

"पुण्याचो."

तिने जास्तीचा बांगडा परत काढून घेतला.