माफीनामा आधी लिहा, जाहिरात नंतर

तुमचा ब्रँड पॅरिसचा असो, मिलानचा असो की श्टुटगार्टचा, चीनमध्ये माल खपवायचा तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: चिनी माणसाला लाल रंग आवडतो. बाकी काही ठाऊक नसलं तरी निभावतं. चांद्र नववर्ष जवळ आलं की पर्सवर त्या वर्षाचा प्राणी छापायचा, कडेने सोनेरी पट्टी मारायची आणि किंमत वाढवायची. 2020 हे उंदराचं वर्ष होतं. गुच्चीने त्यावर मिकी माउस आणला. पंचांग चीनचं, उंदीर अमेरिकेचा, बिल इटलीचं. याला जागतिकीकरण म्हणतात.

सणाच्या फोटोत मात्र कोणाला हसू देऊ नका. हसलं की माल स्वस्त वाटतो. 2019च्या नववर्षाला बर्बेरीने तीन पिढ्यांचं कुटुंब इतक्या गंभीर चेहऱ्याने उभं केलं, की वेइबोवर, म्हणजे चीनच्या ट्विटरवर, लोकांना ते भयपटाचं पोस्टर वाटलं. पण चर्चा झाली ना? मग झालं तर. पुढच्याच वर्षी बालेन्सियागाने तिथल्या प्रेमिकांच्या सणासाठी, छीशीसाठी, पर्सवर चिनी अक्षरांत ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ असं खरडलं आणि जाहिरातीत गुलाब, धबधबे वगैरे असे चिकटवले, की आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’ त्यापुढे कलाकृती वाटावं. ‘आम्हाला एवढं गावंढळ समजता?’ असं तिथल्या मुली विचारू लागल्या. अशा वेळी उत्तर देऊ नका. तुम्ही कलावंत आहात.

आता मुख्य धडा. यात मिलानच्या डोल्चे अँड गबाना या फॅशनवाल्यांना गुरू माना. नोव्हेंबर 2018. शांघायमध्ये भव्य फॅशन शो ठरलेला. त्याआधी वातावरणनिर्मिती म्हणून छोटे व्हिडिओ: लाल झगमगीत कपड्यातली एक चिनी तरुणी, हातात चॉपस्टिक्स, समोर पिझ्झा. ती बिचारी टोचतेय, उचलतेय, पुन्हा टोचतेय, मध्येच लाजून हसतेय. मागून एक पुरुषी आवाज तिला समजावतोय, की बाई गं, असं नाही, असं. मग स्पॅगेटी. मग हातभर लांबीचा कानोली, म्हणजे गोड सारण भरलेली इटालियन नळी, आणि तो आवाज विचारतो, तुला हा फार मोठा होतोय का? ज्या शहरात पिझ्झा खात एक अख्खी पिढी मोठी झाली, त्या शहराला ही शिकवणी! मिलानच्या बैठकीत हे ऐकून सगळे खूश झाले असणार. अशा बैठकीला चिनी माणूस चुकूनही बोलावू नये, रसभंग होतो.

लोक चिडले तर गप्प बसू नका. संस्थापकाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून खासगी संदेशांत चीनविषयी अद्वातद्वा लिहिलं गेलं, त्याचे स्क्रीनशॉट फिरले, मग ‘अकाउंट हॅक झालं’ असा खुलासा आला. काही तासांत सिनेतारकांनी पाठ फिरवली, शो रद्द झाला, ऑनलाइन दुकानांतून माल गायब झाला. दोन दिवसांनी दोघे संस्थापक शेजारी शेजारी बसून, पडेल चेहऱ्याने, शेवटी मँडरिनमध्ये माफी मागताना जगाने पाहिले. त्या अख्ख्या मोहिमेत त्यांनी चिनी ग्राहकासाठी एवढीच एक गोष्ट मनापासून पाठ केली होती.

इन्स्टाग्राम चीनमध्ये बंद आहे, तेव्हा तिथे काहीही टाकलं तरी कोण बघतंय, असं निर्धास्तपणे माना. मर्सिडीज-बेंझने फेब्रुवारी 2018 मध्ये तसंच मानलं आणि गाडीच्या फोटोखाली दलाई लामांचं एक सुवचन टाकलं. आशय असा, की परिस्थितीकडे सगळ्या बाजूंनी पाहा, मन मोकळं होईल. एक बाजू बघायची राहिली होती. जी पोस्ट चीनमध्ये सरळ मार्गाने दिसतच नव्हती, तिच्याबद्दल कंपनीने वेइबोवर जाहीर माफी मागितली. त्याच्या एक महिना आधी मॅरियट या हॉटेलवाल्यांनी ग्राहकांच्या प्रश्नावलीत तिबेट, हाँगकाँग, मकाव आणि तैवान देशांच्या यादीत घातले होते. वेबसाइट आणि ॲप आठवडाभर बंद. त्याच सुमारास तिबेटसमर्थक गटाच्या ट्वीटला कंपनीच्या खात्यावरून ‘लाइक’ गेलं, तर अमेरिकेतल्या एका साध्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली. म्हणून सांगतो, हाताखाली असा एखादा साधा कर्मचारी कायम ठेवावा. अडीनडीला उपयोगी पडतो.

मूल्यं जरूर बाळगा, पण भाषेनुसार वेगवेगळी. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कापसात सक्तीची मजुरी असल्याच्या आरोपांबद्दल एच अँड एम या कपड्यांच्या ब्रँडने चिंता व्यक्त केली होती. मार्च 2021 मध्ये कम्युनिस्ट यूथ लीगने वेइबोवर ते निवेदन उकरून काढलं, आणि ऑनलाइन दुकानं तर सोडाच, नकाशांच्या ॲपमधूनही एच अँड एमची दुकानं दिसेनाशी झाली. दुकान जागेवर, पत्ता बेपत्ता. ह्यूगो बॉस त्या मानाने व्यवहारी. बाहेरच्या जगाला एक सांगितलं आणि वेइबोवर ‘आम्ही शिनजियांगचा कापूस घेत राहू’ असं लिहिलं. पण हे तळ्यात-मळ्यात दोन्हीकडच्या लोकांनी वाचलं, कारण भाषांतराची सोय आता सगळ्यांच्या खिशात आहे. शेवटी ती पोस्टही काढावी लागली.

स्वतः बोलायची भीती वाटत असेल तर दुसऱ्याच्या तोंडून बोला. ली च्याची हा लिपस्टिकचा सम्राट. कोट्यवधी लोक रात्री त्याचं लाइव्ह बघत खरेदी करतात. 3 जून 2022च्या रात्री त्याच्यासमोर व्हिएनेटा हा मूळचा ब्रिटिश आइस्क्रीम केक आला. वड्यांचा थर, दोन्ही बाजूंना चाकांसारखी गोल बिस्किटं, वर पुढे आलेली एक कांडी. दिसायला हुबेहूब रणगाडा. दुसऱ्या दिवशी 4 जून: 1989 साली बीजिंगच्या तियानआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन रणगाडे आणून चिरडलं, त्याचा स्मरणदिन, ज्याचं स्मरण तिथे करायचं नसतं. प्रक्षेपण पटकन बंद पडलं, ‘तांत्रिक बिघाड’ असं सांगण्यात आलं, आणि सम्राट सप्टेंबरपर्यंत अदृश्य. गंमत अशी, की ज्या पोरांना 1989 साली काय झालं हे कोणी सांगितलंच नव्हतं, ती नेटवर शोधू लागली की आइस्क्रीममध्ये वाईट काय होतं. तेव्हा वर्षातले कोणते दिवस टाळायचे याची यादी सोबत ठेवा. ती कुठे मिळते म्हणता? कुठेच नाही, कारण ती छापणंही यादीतच येतं.

आइस्क्रीमचा आणि परकीय ब्रँडांचा तिथे छत्तीसचा आकडाच दिसतो. एप्रिल 2023 मध्ये शांघायच्या वाहन प्रदर्शनात बीएमडब्ल्यूच्या मिनी गाड्यांच्या स्टॉलवर फुकट आइस्क्रीम होतं. चिनी पाहुण्यांना ‘संपलं’ म्हणाले. पाठोपाठ एक गोरा आला, त्याला डबा उघडून दिलं, वर कसं खायचं तेही दाखवलं. कोणीतरी फोन धरून उभंच होतं. मग खुलासा असा, की तो गोरा आमचाच सहकारी. म्हणजे गिऱ्हाइकाला नाही, घरच्याला आहे. हे असं बोलून दाखवल्यावर राग शांत होईल, अशी आशा धरायला तिथे काय हरकत होती?

राहता राहिलं केएफसी. 1987 पासून बीजिंगमध्ये. त्यांच्या गुरुवारच्या सवलतीवर चिनी पोरांनी आपणहून एक खेळ काढला: काळजाला हात घालणारी लांबलचक गोष्ट लिहायची, प्रेमभंग, कर्ज, रुग्णालय, सगळं त्यात, आणि वाचणाऱ्याचे डोळे भरून आले की शेवटच्या ओळीत म्हणायचं, ‘आज गुरुवार आहे, मला 50 युआन पाठव.’ दर आठवड्याला नव्या गोष्टी, कंपनीला लेखकांचं मानधन शून्य. तुमच्या ब्रँडच्या नशिबी असं काही आलं तर हातावर हात धरून बसू नका. ताबडतोब एजन्सी नेमा, हॅशटॅग ठरवा, बक्षीस जाहीर करा, कायदा विभागाकडून नियमावली मंजूर करून घ्या आणि शेवटची ओळ लाल-सोनेरी अक्षरांत छापा. पुढच्या गुरुवारपर्यंत सगळं शांत होईल.