कोलंबीची सालं कुजतात, ओल्या कचऱ्यातच टाका

मुंबईत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘कोलंबीची सालं प्लॅस्टिकसारखी, कधीच कुजत नाहीत. सुक्या कचऱ्यात टाका.’ हे साफ चुकीचं आहे. सुक्यात टाकली की कागद-पुठ्ठा खराब होतो, आणि तो हाताने निवडणाऱ्या बायकांचे हाल होतात.

सालांत कायटिन असतं, म्हणजे साखरेसारख्या घटकांच्या लांब साखळ्या. सोबत प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट. साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमना) सहज शिरकाव मिळत नाही. म्हणून वेळ लागतो, एवढंच. सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचं कायटिनेज, म्हणजे कायटिन तोडणारं विकर, साखळीचं टोक पकडतं आणि ती न सोडता दोन-दोन घटकांचे तुकडे पाडत पुढे सरकतं. टोकच हाती लागलं नाही तर? २०१० साली नॉर्वेतल्या संशोधकांनी दाखवलं, की याच जिवाणूचं दुसरं एक विकर कायटिनच्या सपाट पृष्ठभागावर चिकटून ऑक्सिडीकरणाने साखळी मधेच तोडतं. त्यातून नवी टोकं मिळतात, कायटिनेजचं काम वेग घेतं. मला तर हे फार सुंदर वाटतं.

खतासाठी सालं धुऊन, चुरून, सुक्या पानांखाली दाबा. वास कमी येतो, उंदीरही कमी फिरकतात.