तीस लाखांचा वेल्स, तीस लाखांचा सातारा

एप्रिल-मेच्या सुमारास ब्रिटनमधली लर्नेड सोसायटी ऑफ वेल्स ही विद्वत्सभा आपल्या नव्या फेलोंची, म्हणजे मानाच्या सदस्यांची, यादी जाहीर करते. कार्डिफ, स्वान्झी, बँगोर, ॲबरिस्टविथ इथली विद्यापीठं लगेच संकेतस्थळावर ‘आमचे अमुक जण निवडून आले’ अशी बातमी टाकतात आणि विषय तिथंच संपतो. सातारा-सांगलीकडं प्राध्यापकांच्या मानसन्मानाचा हंगाम येतो सप्टेंबरच्या पुढेमागे. ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड’ असे फ्लेक्स कॉलेजच्या गेटवर चढतात, संस्थेचे पदाधिकारी शाल-श्रीफळ देतात आणि मग दरवर्षीचा वाद सुरू होतो: इतकी हुशार माणसं आपल्याकडं असताना दिल्ली-बंगळूरच्या विज्ञान अकादम्यांत आपलं कुणी कसं दिसत नाही? त्यावर ठरलेलं उत्तर, ‘तिथं आयआयटी, आयआयएस्सी, टीआयएफआर असल्या बड्या संशोधनसंस्थावाल्यांचीच मक्तेदारी.’

आधी त्या दोन टक्क्यांचं बघू. ही यादी स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हियरच्या स्कोपस या माहितीसाठ्यावरून काढतात. सायटेशनचे, म्हणजे पेपरांना इतरांनी दिलेल्या संदर्भांचे, सहा निर्देशांक एकत्र करून प्रत्येकाला एक गुण दिला जातो आणि त्यावरून क्रम लागतो. तक्ते दोन असतात, एक आख्ख्या कारकिर्दीचा, दुसरा एकाच वर्षाचा. फ्लेक्सवर कोणता ते क्वचितच लिहिलेलं असतं. यात कुणी कुणाचं नाव सुचवत नाही, समिती बसत नाही, कुणी पेपर उघडून वाचत नाही, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ कुणाला काही बहाल करत नाही. यादी निरुपयोगी आहे असं नाही. सन्मान म्हणून मात्र ती चालत नाही, कारण सन्मानाला सन्मान करणारं कुणीतरी लागतं.

अकादमीचं गाडं उलट्या बाजूनं चालतं. अलाहाबादची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस 1930 ची, रामन यांनी बंगळूरला काढलेली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस 1934 ची, आणि आज दिल्लीत असलेली, इन्सा या नावानं ओळखली जाणारी तिसरी 1935 ची. या तिन्हींत फेलो होण्याची मुख्य वाट विद्यमान फेलोंच्या सहीतून जाते. लंडनच्या रॉयल सोसायटीत दोन फेलोंनी प्रस्तावावर सही करावी लागते आणि एकदा आलेलं नाव सात वर्षं विचारात राहतं. वेल्समध्येही फेलोंनीच नाव सुचवायचं, विषयवार समित्यांनी छाननी करायची आणि शेवटी सगळ्या फेलोंचं मत घ्यायचं. पद्म पुरस्कारासाठी स्वतःचं नाव स्वतः पाठवता येतं, अकादम्यांत तसं नाही.

म्हणजे पहिला अडथळा गुणवत्तेच्या आधी येतो. तुमचं काम वाचलेला आणि वर पाच-सहा संध्याकाळी खर्चून कागद तयार करायला राजी असलेला एक फेलो ओळखीचा असावा लागतो. मोठ्या संस्थेत असा माणूस चार खोल्या पलीकडं बसतो आणि चहाला रोज भेटतो. साताऱ्याच्या प्राध्यापकाला तो गाठायला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, नाहीतर पुण्याला जावं लागतं, तेही ओळख असेल तर. मक्तेदारी आहेच, पण तिच्यामागं कटापेक्षा शेजार जास्त आहे.

वेल्सशी तुलना करावीशी वाटते ती आकड्यांमुळं. 2021 च्या जनगणनेत वेल्सची लोकसंख्या सुमारे 31 लाख. 2011 मध्ये एकटा सातारा जिल्हा 30 लाखांचा आणि सांगली 28 लाखांचा होता. वेल्स हा देश आहे, त्याची स्वतःची संसद आणि सरकार आहे, त्यामुळं ही तुलना एका मर्यादेपलीकडं ताणू नये. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लंडनला 1660 पासून आणि एडिनबराला 1783 पासून रॉयल सोसायटी असताना वेल्सकडं स्वतःची अशी संस्था नव्हती. ती झाली 2010 मध्ये, म्हणजे काल-परवा. निवडीच्या अटींत वेल्सशी नातं ही अट घातली: तिथं राहणारा, तिथं जन्मलेला किंवा कामानं जोडलेला. पदकांना नावं दिली तीही तिथल्याच माणसांची. फ्रान्सिस होगन या वैद्यकातल्या स्त्रीच्या नावाचं पदक वेल्सशी जोडलेल्या स्त्री-संशोधकांना, आणि डिल्विन पदकं उमेदीच्या वयातल्यांना.

लगेच ‘सातारा अकादमी’ काढायच्या घोषणा कुणी करू नयेत. महाराष्ट्र अकॅडमी ऑफ सायन्सेस राज्यात आहेच. आपल्याकडं टंचाई संस्थांची नाही, टंचाई आहे नाव सुचवण्याची फाइल तयार करणाऱ्यांची. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत संशोधन कार्यालयातल्या कुणाच्या तरी कामात हे लिहिलेलंच असतं: कोणत्या अकादमीची मुदत कधी, आपल्याकडचं कोण पात्र, सुचवणारा कोण मिळेल. ही माणसं कच्चा मसुदा करून फेलोच्या हातात देतात, कारण फेलोकडं वेळ नसतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

फाइल कुठं फसते ते जवळून बघण्यासारखं आहे. पहिली अडचण नावाची. आपल्या भागात पाटील, जाधव, कदम, शिंदे किती! ‘एस. एस. पाटील’ या एका नावाखाली स्कोपसमध्ये रसायनशास्त्रातले तिघं, शेतीतले दोघं आणि एखादा इंजिनिअर एकत्र कोंबलेले सापडू शकतात. उलट एकाच माणसाचे पेपर तीन प्रोफाइलांत विखुरलेले असतात. कॉलेजच्या नावाची तीच गत. साताऱ्याची यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स घ्या. ‘यशवंतराव’ इंग्रजीत कुणी ‘व्ही’ घालून लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’, कुणी नुसती आद्याक्षरं. 2021 पासून ती कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेली, तेव्हा पत्त्यात आणखी एक ओळ वाढली. बाहेरच्या समितीला ही चार वेगळी कॉलेजं वाटतात. यावरचा उपाय फुकट आहे. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक काढायचा, जुने पेपर त्याला जोडायचे, स्कोपसला प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवायची आणि कॉलेजच्या नावाचं एकच इंग्रजी स्पेलिंग प्राचार्यांनी परिपत्रकानं ठरवून द्यायचं. एका उन्हाळी सुट्टीचं काम आहे.

दुसरी अडचण, आणि माझ्या मते खरी, म्हणजे योगदानाचं टिपण. आपल्याकडून जातं ते बहुधा असं: 85 पेपर, अमुक एच-इंडेक्स, 7 पीएच.डी., 3 प्रकल्प, अमुक समितीचे सदस्य. छाननी समितीला हवं असतं वेगळंच. हा माणूस नसता तर कोणती गोष्ट आज माहीत नसती? बारा लेखकांच्या पेपरात याच्या हातचं काय होतं? निवडक दहा पेपर मागितले, तर दहाच द्यावेत आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहाव्यात. परीक्षकांची नावं स्वतःच्याच गाइडच्या गोतावळ्यातली दिली, की समितीच्या ते चटकन लक्षात येतं. आणि पैसे भरून छापलेल्या नियतकालिकातला एक पेपर यादीत असला, तर बाकीच्या चांगल्या पेपरांकडंही संशयानं बघितलं जातं.

कासच्या पठाराचं उदाहरण घेऊ. तिथली वायतुरा ही पाणवनस्पती, शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, 1982 मध्ये विज्ञानाला ठाऊक झाली. नवी जात ठरवायची म्हणजे फुला-फळांसह नमुने गोळा करायचे, जगभरच्या संग्रहांतल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायचे, वेगळेपण शास्त्रीय वर्णनात मांडायचं आणि आधारनमुना मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करायचा. त्यासाठी एखादा पावसाळा पुरत नाही, अनेक जातात. आणि सायटेशन किती मिळणार? पुढचे संशोधक वनस्पतीचं नाव लिहितात, पण ते ठेवणारा मूळ पेपर संदर्भयादीत सहसा घेत नाहीत. आकड्यांच्या यादीत असा वनस्पतिशास्त्रज्ञ दिसणारच नाही. अकादमीच्या टिपणात मात्र तो उठून दिसू शकतो, कुणी नीट लिहिलं तर. आपल्या भागातली ताकद नेमकी अशा कामांत आहे आणि आपण फ्लेक्स लावतो सायटेशनचे.

आता विकतच्या पुरस्कारांच्या बाजाराबद्दल, कारण तो नुसत्या हौसेतून उभा राहिलेला नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत संशोधन-गुणांचा तक्ता आहे. विज्ञानातल्या मान्य पेपरला 8 गुण, मानव्यविद्यांत 10. आंतरराष्ट्रीय पुरस्कार किंवा फेलोशिपला 7, राष्ट्रीयला 5. असोसिएट प्रोफेसरच्या थेट भरतीला 75 गुण लागतात, प्रोफेसरला 120. पुरस्कार कुणी दिला, निवड कशी केली, याची चाळणी त्या तक्त्यातच नाही. ती समितीच्या मर्जीवर. मग ‘नॅशनल’ किंवा ‘इंटरनॅशनल’ हा शब्द नावात असलेली एखादी संस्था नोंदणी शुल्क घेऊन मानचिन्ह घरपोच पाठवते, यात नवल ते काय! ओळखण्याची सोपी खूण सांगतो. निवडून आल्यावर फेलोनं वार्षिक वर्गणी भरणं ही जुन्या विद्वत्सभांची रीतच आहे, त्यात गैर नाही. निवडीच्या आधी पैसे मागितले, की समजावं. ब्रिटनमधल्याही काही सभांची फेलोशिप अर्ज करून, वर्गणी भरून मिळते. त्या प्रामाणिक संस्था आहेत, पण त्यांची आद्याक्षरं नावामागं लावून रॉयल सोसायटीचा आव आणणं बरं नव्हे.

सरकारनं 2022 मध्ये विज्ञानखात्यांचे ढीगभर पुरस्कार गुंडाळले आणि पुढं राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले, जे 2024 मध्ये पहिल्यांदा दिले गेले. त्यात सनद आणि पदक आहे, रोख रक्कम नाही. विज्ञानातल्या भटनागर पारितोषिकाला पूर्वी 5 लाख रुपये आणि दरमहा मानधन असे. याबद्दल भारतात बरीच कुरकुर झाली. मला पैसे गेल्याचं फार वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते छोट्या, तरुणांसाठीच्या पुरस्कारांचं, कारण लहान कॉलेजातल्या माणसाला पहिली पायरी तीच होती.

इकडं वेल्समध्ये सगळं गोजिरं आहे असा समज मात्र नको. जानेवारी 2025 मध्ये कार्डिफ विद्यापीठानं 400 पदं कमी करायचा प्रस्ताव मांडला. संगीत, आधुनिक भाषा, नर्सिंग असे विभागच्या विभाग धोक्यात आले. विद्वत्सभेची फेलोशिप असली म्हणून पद वाचतं असं नाही. आपल्याकडं अनुदानित कॉलेजात कायम नेमणूक मिळाली, की निदान ती धास्ती नसते. पण ती मिळेपर्यंत तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, ऐन उमेदीची वर्षं जातात. नऊ-दहा महिन्यांच्या नेमणुकीवरच्या माणसाचा पेपरावरचा पत्ता दरवर्षी बदलतो, आणि अकादम्यांच्या तरुणांसाठीच्या योजनांना वयाची अट असते. कायम होईपर्यंत ती उलटून जाते. सन्मानांच्या वादात या लोकांचं नाव कुणी काढत नाही.

गावात राहून राष्ट्रीय मान मिळत नाही, हेही खरं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहूनच काम करत होते. साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार 1955 मध्ये त्यांना मिळाला, आणि पुढं अकादमीचं महत्तर सदस्यत्वही, जे एका वेळी फार तर 21 हयात साहित्यिकांना असतं. पण वाईला प्राज्ञपाठशाळा होती, नंतर विश्वकोशाचं कार्यालय आलं. देशभरच्या विद्वानांची ये-जा होती, आणि ओळख आपोआप होत होती.

आज तशी ये-जा मुद्दाम घडवावी लागेल, आणि त्याची सोय आहे. तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. ती विद्यार्थ्यांप्रमाणं कॉलेजच्या शिक्षकांनाही असते, दोन महिने एखाद्या फेलोच्या प्रयोगशाळेत काम करायला. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास निघतात. सूचना बहुधा विद्यार्थ्यांसाठीच्या फलकावर लागते आणि शिक्षक ती वाचतच नाहीत. याच अकादम्या कॉलेजांत दोन-तीन दिवसांच्या व्याख्यान-कार्यशाळाही घेतात. प्रस्ताव कॉलेजनं पाठवायचा, वक्ते फेलो असतात. त्यात आपल्याकडं होतं काय, तर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, सत्कार आणि अध्यक्षीय मनोगत यांत पहिली सकाळ जाते, मग व्याख्यानं, आणि पाहुण्यांना संध्याकाळी अजिंक्यतारा दाखवून गाडीत बसवतात. कॉलेजचं हर्बेरियम आणि प्रयोगशाळा त्यांनी पाहिलेलीच नसते. उद्घाटन पंधरा मिनिटांत आटपून वाचलेला वेळ त्यांना आपल्या दोन-तीन संशोधकांच्या टेबलाशी बसवावं, पेपरांच्या प्रती हातात द्याव्यात आणि जाताना त्यांचा ईमेल घ्यावा.